कौलारू घरातले इंद्रजाल कॉमिक्स आणि व्हीएचएस (व्हिडिओ) कॅसेटी: बुरशी काढायची कशी, साठवायचं कसं?

ट्रंक_उघडली (डिचोली)

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पुढचा ऐवज आहे: साधारण 140 मराठी इंद्रजाल कॉमिक्स (जास्त करून वेताळ, थोडे मँड्रेक आणि बहादूर), काही चांदोबा, मारियो मिरांडांच्या व्यंगचित्रांची कात्रणं चिकटवलेली एक वही आणि 11 व्हीएचएस कॅसेटी. कॅसेटींत 1987-88 चं दूरदर्शनचं घरगुती रेकॉर्डिंग आहे. व्हीसीआर गल्फहून आणलेला, चालू होतो.

अवस्था: कॉमिक्सना कुबट वास, पिना गंजलेल्या, काहींच्या कडा कसरीने कुरतडलेल्या. चार कॅसेटींच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. घर कौलारू, एसी एकाच खोलीत. चवथीच्या साफसफाईत सगळं बाहेर काढून उन्हात घालायचा विचार आहे. डांबरगोळ्या आधीपासून आहेतच. काय करावं, काय टाळावं?

कागदकिडा

आधी टाळायचं सांगतो. चवथीला ट्रंक उघडू नका. तेव्हा आपल्याकडे हवेत आर्द्रता 85-90 टक्के असते. कागद तेवढं पाणी पिऊन घेतो आणि झाकण लावलं की ते आत कोंडतं. 65-70 टक्क्यांच्या वर बुरशी वाढते, त्याखाली ती निपचित पडते. मरत नाही, पण पसरतही नाही. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतलं, तेही दुपारी. आत्ता घाईच असेल तर एसीच्या खोलीत दारं-खिडक्या बंद करून ड्राय मोडवर.

ऊन तर नकोच. इंद्रजालचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, लिग्निनने (लाकडातला, उजेडात पिवळा पडणारा घटक) भरलेला. उन्हात तो तासांत पिवळा पडतो आणि मुखपृष्ठाचा रंग उडतो. वारा द्या, ऊन नको.

कसर लागलेले अंक वेगळे करा. झिप पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता 24 तास खोलीत राहू द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं: थंड कागदावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि कसर गेली तरी बुरशीला आमंत्रण मिळतं.

बुरशी झटकायची ती कोरडी करूनच, व्हरांड्यात, एन-95 मास्क लावून, रंगकामाच्या मऊ ब्रशने, कण्यापासून बाहेरच्या दिशेने. ओलं फडकं फिरवलं की भुकटी कागदाच्या तंतूंत शिरते आणि काळा डाग कायमचा होतो.

पिना: अंक मधल्या पानावर उघडा, बोथट सुरीने पिनेचे पाय सरळ करा आणि बाहेरून ओढून काढा. गंज चिकटला असेल तर जोर लावू नका, पान पिनेसकट फाटतं. त्याच भोकांतून सुती दोरा ओवला की झालं. नवी साधी पिन मारलीत तर दोन पावसाळ्यांत परत तेच.

फाटलेल्या पानाला सेलोटेप नको. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन आरपार उतरतो. पांढरा गोंदही नको, तो परत सुटत नाही. गव्हाची खळ करा: कुरडईसाठी काढतात तोच चीक, मीठ-हिंग न घालता. एक भाग चीक, पाच भाग पाणी, मंद आचेवर 20-25 मिनिटं ढवळत शिजवा, गार करून गाळा. फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. मैद्याची खळ वेगळी, त्यात ग्लुटेन असतं आणि किड्यांना ते आवडतं. वर पातळ जपानी टिश्यू (लांब तंतूंचा दुरुस्तीचा कागद), कात्रीने न कापता हाताने फाडून. फाटलेल्या कडेचे तंतू पानात मिसळतात, कापलेली कड रेघ उमटवते.

मारियोंच्या वहीतली कात्रणं सोडवायला जाऊ नका. 'इलस्ट्रेटेड वीकली'तली असतील तर तो कागद जरा बरा. वर्तमानपत्रातली असतील तर त्यांचा आम्लपणा समोरच्या पानावर उतरतो आणि तपकिरी सावली पडते. पानांमध्ये आम्लरहित कागद घाला आणि वही आहे तशी स्कॅन करा. मारियोंची मिस निंबूपानी वहीच्या पानावरच शोभून दिसते.

आगरकाठ

वर सगळं बरोबर, पण साठवणीचा हिशेब राहिला. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून काही होत नाही. 80 टक्के आर्द्रतेतला कागद 50 टक्क्यांवर आणायचा तर दर किलोमागे 30-40 ग्रॅम पाणी बाहेर पडावं लागतं. 10 किलो कॉमिक्स म्हणजे साधारण 350 ग्रॅम पाणी. जेल आपल्या वजनाच्या 20-25 टक्के पाणी धरतं, म्हणजे दीड किलो जेल लागेल. म्हणून आधी एसीत कागद सुकवून घ्या, मग रबरी कड असलेल्या हवाबंद प्लॅस्टिक डब्यात ठेवा. मग 30 लिटरच्या डब्याला 300-400 ग्रॅम पुरतं. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन-तीन तास. लक्ष्य 45-55 टक्के. 35 च्या खाली गेलात तर जुना कागद कडेने तुटायला लागतो.

प्रत्येक अंकाला पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा. पीव्हीसी नको, वास येतो, चिकटते, शाई ओढते. लॅमिनेशनचं नावही काढू नका.

डांबरगोळ्या आजच काढा. नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते, आणि व्हीएचएसच्या खिडक्या बऱ्याचदा त्याच प्लॅस्टिकच्या असतात.

आर्द्रता मोजायचा मीटर घ्या आणि तो तपासूनच वापरा. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे चार थेंब (ओला रेंदा व्हावा, मीठ विरघळू नये), मीटरसोबत झिप पिशवीत 10-12 तास. 75 दाखवायला हवं. जो फरक येईल तो लक्षात ठेवा.

फीतवाला

कॅसेटींबद्दल. ती पांढरी भुकटी बुरशीच. त्या चार कॅसेटी चालू व्हीसीआरमध्ये घालू नका. बीजाणू हेड ड्रमवर (टेप वाचणारा फिरता भाग) बसतात, तिथून उरलेल्या सात कॅसेटींना लागतात. शिवाय वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतील तर टेप तुटते. आधी चारही कॅसेटी सिलिका जेलच्या डब्यात तीन आठवडे. मग खालचे पाच स्क्रू काढून कवच उघडा (दोन्ही रिळांचे ब्रेक आणि पुढच्या झडपेची स्प्रिंग उडते, आधी फोटो काढून ठेवा), रिळांच्या कडा कोरड्या ब्रशने झाडा आणि रिळं स्वच्छ रिकाम्या कवचात बसवा. टेप पुसायची तर 99 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, लिंट न सोडणारं कापड. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पहिलं रिवाइंड भंगारातल्या दुसऱ्या मशीनवर, झाकण काढून.

नेटवर 'टेप भाजा' असा सल्ला सापडेल. तो काही जुन्या ओपन-रील ध्वनिफितींसाठी आहे. व्हीएचएस ओव्हनमध्ये घालू नका.

तुमचा व्हीसीआर: पहिल्यांदा टाकाऊ कॅसेट घाला. इतक्या वर्षांत पट्टे सैल होतात, पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) कडक होतो आणि मशीन टेप खातं. हेड साफ करायला कोरा कागद अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला हलकेच टेकवा आणि ड्रम हाताने फिरवा. कागद वर-खाली कधीही हलवायचा नाही, हेडचं टोक मोडतं. कापसाचे बोळे नकोत, तंतू अडकतात. व्हीसीआर जपून वापरा. नवीन बनणं 2016 मध्ये थांबलं.

कॅप्चर: सिग्नल पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत), म्हणून 720×576, सेकंदाला 25 फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची एक फ्रेम). एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) निवडलंत तर चित्र कृष्णधवल होईल किंवा वर सरकत राहील. ओबीएस (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आपणहून 30 किंवा 60 फ्रेम धरतो, मग कॅमेरा फिरताना चित्र हिसके देतं. हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस कोडेकमध्ये (चित्राचा दर्जा न घटवता साठवणारी पद्धत) घ्या. तासाला 30-40 जीबी धरा. इंटरलेसिंग नंतर काढा, 50 फ्रेमवर. स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टर 4:3 चित्र ताणून 16:9 करतात, माणसं बुटकी दिसतात, ते टाळा. आवाज हळूहळू मागे पडत असेल तर फ्रेम गळताहेत: मध्ये टाइम बेस करेक्टर (डळमळता सिग्नल स्थिर करणारं यंत्र) हवा, नाहीतर जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता जोडून त्यातून सिग्नल न्या, काही मॉडेल तेवढं काम करतात. तळाशी दोन-चार ओळी तुटलेल्या दिसतात तो दोष नाही, त्या टीव्हीच्या चौकटीआड लपायच्या.

कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवा. मे-जूनमध्ये आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही.

आणि एक मत. मालिका अधिकृतपणे कुठे ना कुठे मिळतील, पण मधल्या जाहिराती, निवेदिकेची घोषणा, 'व्यत्यय'ची पाटी मिळणार नाही. तो भाग कापू नका. कॅसेटीतलं खरं मोलाचं तेच आहे. घरी पाहा, वर चढवायचं तर हक्कांचा प्रश्न आहे.

कागदकिडा

स्कॅनबद्दल राहिलं: 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके), फाईल टिफ प्रकारची. पानामागे काळा कागद ठेवा, नाहीतर मागची चित्रं आरपार दिसतात. फाईलला अंक क्रमांक द्या, नुसतं 'वेताळ' नको. 1964 ते 1990 मध्ये आठशेच्या घरात अंक निघाले आणि पुढे क्रमांकाची पद्धत बदलून खंड-अंक झाली, म्हणून दोन्ही लिहा. बहादूर डिसेंबर 1976 मध्ये आला, त्यामुळे मुखपृष्ठ गेलेल्या अंकात तो किंवा त्याची जाहिरात दिसली तर काळ तिथून पुढचा.

ट्रंक_उघडली (डिचोली)

आभार. डांबरगोळ्या काढल्या. मिठाची चाचणी केली, मीटर 67 दाखवतो. म्हणजे प्रत्येक वेळी 8 मिळवायचे?

आगरकाठ

मीठ कुठलं घेतलंत?

ट्रंक_उघडली (डिचोली)

घरचं, आगराचं (मिठागरातलं) जाडं मीठ.

आगरकाठ

मग मीटरला दोष देऊ नका. आगरच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्याने आकडा 75 च्या खाली बसतो. पाकिटातलं बारीक शुद्ध मीठ घेऊन परत करा. आगरचं हुमणाला (माशांच्या आमटीला) ठेवा.