नाताळच्या भेटींना कागद नेहमी चार बोटं कमीच का पडतो?

कागदतोडे
२४ तारखेच्या आत पाच नग गुंडाळायचे आहेत: ३० × २० × १० सेंमीचा खोका, केकचा चौकोनी डबा (२२ × २२ × ९), बाटली, फुटबॉल आणि बॅडमिंटनची रॅकेट. कागदाचा ताव ७० × ५० चा. नजरेच्या अंदाजाने कापला की एका बाजूला वीतभर उरतो आणि दुसऱ्या बाजूला खोक्याचं पोट उघडं. कोपरे फाटतात. सोनेरी कागदाची घडी घातली की मिनिटाभरात पहिले पाढे पंचावन्न. डब्यासाठी तर आता ४६ × ४६ चा तुकडाच शिल्लक आहे.

घडीमास्तर
नजर बाजूला ठेवा, मोजपट्टी घ्या. खोक्याभोवतीचा वेढा म्हणजे रुंदी अधिक उंची, त्याची दुप्पट, वर ३ सेंमी चिकटवायला. तुमचे ६३. दुसरी बाजू म्हणजे लांबी अधिक उंचीची दीडपट, म्हणजे ४५. एका तावात आरामात बसतं.

गडबड होते ती टोकांशी. ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून लोक दोन्हीकडे वीत वीत कागद सोडतात आणि मग तिथे गादीची गुंडाळी होते. प्रत्येक टोकाला उंचीच्या पाऊणपटच हवा. खोका पालथा ठेवा, म्हणजे जोड खाली जातो. वरच्या कडेला १ सेंमी आत दुमडा आणि त्या दुमडीखाली डबल साइड टेप लावा. टोकाला आधी डाव्या-उजव्या बाजू आत दाबा, मग वरचा कान खाली आणि शेवटी खालचा वर. प्रत्येक कडेवरून नख फिरवा.

कोपरे फाटतात, कारण आपण कागद कोपऱ्याला धरून ओढतो. कडेच्या मधोमध धरून ओढा. पुठ्ठ्याचे कोपरे फारच टोकदार असतील तर त्यांच्यावर आधी सेलोटेपचा तुकडा लावा.

सोनेरी कागदावर प्लॅस्टिकची फिल्म असते, म्हणून तो घडी विसरतो. त्याला टेपशिवाय गत्यंतर नाही. नवशिक्याने साधा खाकी घ्यावा आणि लाल फितीवर खर्च करावा. आडवी-उभी फीत बांधायला या खोक्याला १४० सेंमी लागेल, गाठ आणि फुलासाठी आणखी ६०.

तिरकी_चाल
केकच्या डब्याला तो तुकडा पुरतो. सरळ ठेवलात तर वेढ्यालाच ६५ हवेत, म्हणून डबा तुकड्यावर तिरका ठेवा, शंकरपाळ्यासारखा. चारही टोकं वर आणून मधोमध जुळवा. हिशेब असा: झाकणाचा कर्ण ३१, त्यात उंचीची दीडपट १३.५, म्हणजे साधारण ४५ सेंमीचा चौरस. एक सेंमी शिल्लकच. पण हे बसक्या, चौरस डब्यालाच जमतं. लांबट खोक्याला करू नका.

निरीवाली
बाटली आडवी गुंडाळा, तळाशी साडीच्या निऱ्यांसारख्या एकाच दिशेने बारीक चुण्या घाला आणि वर पुठ्ठ्याची चकती चिकटवा. चुण्या उलटसुलट गेल्या की बाटली डुलते.

फुटबॉल गुंडाळण्याच्या फंदात पडूच नका. हवा काढा (पिन ओली करून घाला, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो), वाटीसारखा दाबा आणि बुटाच्या खोक्यात पंपासकट ठेवा.

रॅकेटवर कितीही कागद चढवा, झाकली मूठ काही राहत नाही. मुठीला फीत बांधा आणि द्या. विमानाने नेणार असाल तर मात्र काहीच गुंडाळू नका, कागद सपाट न्या. तपासणीत उघडायला लावू शकतात.

कागदतोडे
डबा तिरका बसला, निरीवालीताईंची बाटलीही उभी राहिली. आता सेलोटेपचं टोक हरवलंय.

घडीमास्तर
रीळ उजेडाकडे धरून नख आडवं, हळू फिरवा. अडकेल तिथे टोक. सापडलं की आगपेटीची काडी चिकटवून ठेवा.