अनुभव धागा : इटलीच्या डोंगरगावांतील संतांचे उन्हाळी सण

इटलीत बहुतेक प्रत्येक गावाला एक पालक संत असतो आणि त्याचा सण हा गावाचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस मानला जातो. दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात असे पुष्कळ सण जुलै आणि ऑगस्टमध्ये येतात. 26 जुलैला संत आन्ना, 10 ऑगस्टला सान लोरेंझो, 16 ऑगस्टला सान रोक्को, आणि मध्ये 15 ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची देशभराची सुट्टी. कारखाने बंद असतात, नोकरीसाठी मिलान, तोरिनो किंवा जर्मनीला गेलेली कुटुंबे गावी आलेली असतात, आणि वर्षभर कुलपे लागलेल्या घरांच्या खिडक्या उघडतात.

मिरवणुकीची छायाचित्रे सगळीकडे पाहायला मिळतात, परंतु माझ्या मते मिरवणूक हा सणाचा शेवटचा भाग आहे. खरा सण त्याआधीच्या दोन महिन्यांत घडतो. कोण राबते, वर्गणी कोण गोळा करते, संताला खांदा कोण देते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

मोलिझे प्रदेशात कांपोबास्सो शहराजवळ येल्सी नावाचे लहानसे गाव आहे. 26 जुलै 1805 च्या रात्री या भागात मोठा भूकंप झाला. मातेझे डोंगराच्या पायथ्याची बोयानोच्या आसपासची गावे उद्ध्वस्त झाली आणि पाच हजारांहून अधिक माणसे दगावली. तो संत आन्नाचा दिवस होता. शेजारच्या गावांच्या मानाने येल्सीची हानी कमी झाली, म्हणून गावकऱ्यांनी आन्नाला गहू वाहण्याचा नवस केला, आणि तो आजही फेडला जातो.

मी तेथे पोहोचलो तेव्हा सण अजून लांब होता. एका घराच्या तळमजल्यावर, जेथे एरवी गाडी ठेवतात, तेथे आठ-दहा बायका आणि दोन वृद्ध गृहस्थ गव्हाच्या वेण्या घालत बसले होते. यासाठी लागणारा गहू पूर्ण पिकण्याआधीच कापून ठेवतात, कारण वाळलेली काडी वाकवली की तडकते. प्रत्येक काडीवरचे पान सोलायचे, सारख्या जाडीच्या काड्या निवडायच्या, त्या पाण्यात भिजवून नरम करायच्या आणि मग विणायला घ्यायच्या. लांब कुसाची ओंबी वेणीबाहेर एकाच कोनात राहिली पाहिजे, याबद्दल त्या फार काटेकोर होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी माझी वेणी न बोलता उसवली, बोटांनी काड्या पुन्हा बसवून दाखवल्या आणि परत माझ्या हातात दिली. अशा हजारो वेण्यांतून चर्चची शिखरे, पुतळे आणि कमानी उभ्या राहतात, आणि सणाच्या दिवशी त्यांनी सजवलेल्या गाड्या गावातून निघतात. त्यांपैकी मला सर्वांत आवडली ती त्राल्या, म्हणजे चाके नसलेली, बैलांनी ओढायची लाकडी घसरगाडी. उतारावरच्या शेतांतून पेंढ्या खाली आणण्यासाठी पूर्वी ती रोज वापरली जात असे. आता ट्रॅक्टरमागून येणाऱ्या गाड्याही असतात, पण बैलजोडी दिसली की रस्त्याच्या कडेची वयस्क माणसे उभी राहतात.

मूळ वसईची, सध्या तोरिनो

मी कॅथलिक घरातली असल्याने सणाआधीचे नऊ दिवस चालणारी नोव्हेना, सणाचा ख्रिस्तयाग आणि त्यानंतरची मिरवणूक हा क्रम मला नवा नव्हता. नवे होते ते सोने. माझ्या सहकारी मैत्रिणीचे माहेर बाझिलिकाता प्रदेशातील तोल्वे या डोंगरावरच्या गावी आहे. तेथे 16 ऑगस्टला सान रोक्कोची मूर्ती नवसाच्या दागिन्यांनी अक्षरशः मढवतात. साखळ्या, अंगठ्या, कर्णफुले आणि घड्याळे इतकी दाटीने लावलेली असतात की मूर्तीचा अंगरखा दिसेनासा होतो.

सान रोक्को हा चौदाव्या शतकातला, फ्रान्समधील माँपेलिए येथला यात्रेकरू. परंपरा सांगते की रोमच्या वाटेवर त्याने प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली, पुढे पियाचेंझाजवळ त्याला स्वतःलाच प्लेग झाला, आणि रानात पडलेल्या त्याला एक कुत्रा रोज भाकर आणून देत असे. म्हणूनच मूर्तीच्या मांडीवर गाठ आणि पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा असतो. मैत्रिणीच्या आईने मला त्या दागिन्यांतली एक बारीक साखळी बोटाने दाखवली. मुलगा आजारातून उठला तेव्हा तिच्या सासूने ती दिली होती, आणि ती कोठे लावली आहे हे तिला दरवर्षी अचूक सापडते. बाहेरच्याला त्या मूर्तीवर नुसती श्रीमंती दिसेल, पण गावातल्या माणसाला तेथे घराघरांतली आजारपणे आणि बाळंतपणे वाचता येतात. मूर्तीसोबत पोलीस चालतात, आणि सणानंतर हे सगळे सोने काढून सुरक्षित ठेवले जाते.

फोंडा, गोवा

मी इटलीला गेलेलो नाही, पण संत आन्नाचा विषय निघाला म्हणून लिहितो. तिसवाडीतील तळावली येथे आन्नाचे सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेले मोठे चर्च आहे. जुलैअखेरीस तेथे भरणाऱ्या फेस्ताला, म्हणजे सणाला, तवशांचे (काकड्यांचे) फेस्त म्हणतात, कारण मूल व्हावे म्हणून जोडपी आन्नाला तवशी वाहतात. ऐन पावसात, छत्र्या सांभाळत लोक येतात, आणि त्यांत हिंदूही असतात. येल्सीत त्या दिवसांत गव्हाची कापणी उरकलेली असते आणि आमच्याकडे वेलीला पहिली तवशी धरलेली असतात. आन्ना ही मरियेची आई, म्हणजे येशूची आजी. तिच्याकडे जे शेतात आहे तेच घेऊन जावे, असे दोन्हीकडच्या लोकांना वाटले, हे मला फार बोलके वाटते.

माँट्रियल, कॅनडा

मोलिझेतून गेल्या शतकात फार मोठ्या संख्येने लोक येथे आले. आमच्या इमारतीतले एक वृद्ध गृहस्थ त्याच भागातले. संत्यागो किंवा ब्वेनोस आयरेसला गेलेले त्यांचे चुलते परत कधीच गाव पाहू शकले नाहीत, पण सणाची वर्गणी मात्र ते पाठवत राहिले, असे ते सांगतात. तेही पाठवतात. वर्गणीदारांच्या छापील यादीत परदेशातील नावे वेगळ्या रकान्यात येतात, आणि ती यादी त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेली आहे. काही गावांनी हिवाळ्यात येणाऱ्या संताचा आणखी एक सण ऑगस्टमध्ये बसवला, तो अशाच माणसांना येता यावे म्हणून. मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्यांच्या पैशावर बँड आणि दारूकाम उभे राहते, त्यांना तो दिवस डोळ्यांनी पाहण्याचा अधिकार आहे.

नाशिकहून, पूर्वी सिसिलीत वास्तव्य

पालात्सोलो आक्रेइदे हे सिसिलीच्या इब्लेई डोंगरातले नगर 1693 च्या भूकंपानंतर पुन्हा बांधले गेले. तेथे 29 जूनला संत पौल आणि 10 ऑगस्टला संत सेबास्तियान असे दोन सण होतात, आणि दोन्ही संतांच्या भक्तांत जुनी चुरस आहे. दुपारी एकच्या सुमारास मूर्ती चर्चच्या दारात येते, त्या क्षणी दारूकामाचा कडकडाट होतो आणि रंगीत कागदांच्या लांब पट्ट्यांनी आकाश भरून जाते. आईबाप आपल्या तान्ह्या बाळांना उघडे करून मूर्तीपर्यंत वर उचलून धरतात. खांदेकऱ्यांच्या मानेखाली दुमडलेले फडके असते, तरीही संध्याकाळी त्यांच्या खांद्यावर लाकडाचा वळ स्पष्ट दिसतो. तो वळ ते लपवत नाहीत.

कोल्हापूर, सध्या नेपल्स

वरील सर्व अनुभव वाचून एक बाजू नोंदवावीशी वाटते. पालखीप्रमाणेच येथेही मूर्ती कोणाच्या दारात थांबते याला गावात फार अर्थ असतो. आजारी माणसाच्या खिडकीखाली ती थांबली तर सारा रस्ता गप्प होतो. पण याच मानाचा गैरवापरही झालेला आहे. जुलै 2014 मध्ये कालाब्रियातील ओप्पिदो मामेर्तिना येथे मरियेची मूर्ती माफियाच्या एका म्होरक्याच्या घरासमोर थांबवली गेली, तेव्हा तेथल्या बिशपांनी आपल्या धर्मप्रांतातील सर्व मिरवणुका काही काळ बंद ठेवल्या. अनेक भाविकांना ते कठोर वाटले असेल, पण मला ते आवश्यक वाटते. संत सर्व गावाचा असेल, तर मूर्तीचा मार्ग आणि थांबे ठरवण्याचा अधिकार कोणा एका घराकडे जाता कामा नये.

धागाकर्ता

वरील मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मार्ग कसा ठरतो, हे येल्सीत मी विचारले नव्हते, ते पुढच्या वेळी विचारीन. कोणी जाणार असल्यास एक सूचना आहे. 26 जुलैला सकाळी गावातले रस्ते गाड्यांना बंद होतात, त्यामुळे मुक्काम कांपोबास्सोला ठेवला तरी आदल्या संध्याकाळीच गावात एक फेरी मारावी. त्या वेळी विणकामाच्या जागांची दारे उघडी असतात, शेवटच्या ओंब्या बांधल्या जात असतात, आणि मदतीला आलेल्या अनोळखी माणसालाही काड्या निवडण्याचे काम सहज मिळते. आब्रुत्सो आणि लिगुरियातील सणांबद्दल अद्याप कोणी लिहिलेले नाही. ज्यांनी ते पाहिले असतील, त्यांच्या अनुभवांची वाट पाहत आहे.