पौलाने तुरुंगातून लिहिलं, ‘आनंद करा’. पण ते कुणी कुणाला सांगावं?

वास्कोची ताई
मी मूळची कोल्हापूरकडची, लग्न होऊन वास्कोला आले. परवा उपासनेनंतर आमच्यात वाद झाला, तो इथे मांडते. वचन होतं बायबलमधलं, प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय 4: ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ एक बहीण म्हणाली, ज्यांचं बरं चाललंय त्यांनीच हे वाचावं. मला पटलं नाही. पौल स्वतः बेड्यांत होता. सुटका होणार की जीव जाणार, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

माझं सांगते. 2018 च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. नवरा खनिजाच्या बार्जवर होता. बार्ज नांगर टाकून उभी राहिली, पगार थांबला. जूनमध्ये पोरांच्या फीसाठी मी पाटल्या विकल्या. त्या रात्री ताटात भात, सोलकढी आणि सुका बांगडा. जेवण झाल्यावर रोजच्यासारखी प्रार्थना झाली, मी गाणं धरलं. गळा दाटला, चाल सुटली, तर पुढची ओळ नवऱ्याने उचलली. तीन आठवडे तो घरात धड बोलला नव्हता! उद्याचं काहीच ठरलेलं नव्हतं, आणि तरी मला जे वाटलं त्याला आनंदाशिवाय दुसरा शब्द माझ्यापाशी नाही. म्हणून म्हणते, हे वचन अडचणीतल्या माणसासाठीच आहे.

मडगावचा थोरला
ताई, तुमच्या घरात घडलं ते खरंच आहे. पण वचन आपण जगणं निराळं आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारणं निराळं.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आई तोंडात पदर कोंबून रडत होती. मंडळीतले एक गृहस्थ तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘रडायचं नाही, तो प्रभूकडे आहे, आनंद करा.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या दिवसापासून आई चारचौघांत रडली नाही. मोरी धुताना नळ मोठा सोडते, तेव्हा आम्हाला कळतं.

येशूचा मित्र लाजर मेला, तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू रडला. आपण त्याला मेलेल्यांतून उठवणार हे माहीत असूनही रडला. आणि स्तोत्र 88 काढून बघा. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, हे मात्र अंधारातच संपतं. तेही पवित्र शास्त्रातच ठेवलंय ना?

डिचोलीचा ट्रकवाला
मी हिंदू, पण खाणी बंद पडल्या तेव्हा माझाही ट्रक दारात उभा होता, म्हणून लिहितो. मला भीती वेगळीच वाटते. देवाने दिलंय त्यात आनंद माना म्हणता म्हणता माणूस हक्काचं मागायचंच विसरतो. हप्ता भजन म्हणून फिटत नाही.

बाणावलीचा
आमच्या गावचे संत जुझे वाझ आठवले. जन्म 1651 चा. श्रीलंकेत डच सत्तेने कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती, तेव्हा हे वेश पालटून तिथे शिरले. कॅंडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं, तेव्हा गावात केवढा आनंद झाला होता! पण मला त्यांचं 1697 मधलं काम जास्त मोठं वाटतं. कॅंडीत देवीची साथ आली, लोक घरच्या रोग्यांना सोडून पळाले, आणि हे त्यांना धुवायला, भरवायला, गेलेल्यांना पुरायला राहिले. ट्रकवाले दादा, श्रद्धा माणसाला गप्प बसवतेच असं नाही. मडगावकर, त्यांनी रोग्याला आधी अंघोळ घातली. प्रवचन नंतर.

मडगावचा थोरला
हेच म्हणतोय मी. आमच्याकडे प्रवचन आधी आलं, आणि पेजेचं भांडं कुणी आणलंच नाही.

वास्कोची ताई
दादा, नळाचं वाचलं आणि हातातलं काम राहिलं. मीही मयताला गेले की हेच वचन म्हणत आले आहे. चार घरी तरी म्हटलं असेल. समोरच्या बाईला काय वाटलं असेल, याचा विचार केला नाही. आमचं संकट पैशाचं होतं, माणूस घरातच होता. त्या रात्री ओळ उचलायला कुणी नसतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

वचन मात्र मी सोडणार नाही. ते माझ्यासाठी खरं ठरलंय. दुसऱ्याच्या दारात जाताना तोंडातून काढणार नाही, एवढं कबूल.

ट्रकवाले दादा, आम्हीही बार्जवाल्यांबरोबर पणजीला निदर्शनांना गेलो होतो. प्रार्थना करून निघालो होतो.

मडगावचे दादा, तुमच्या आईला भेटायला आले तर चालेल का? गाणार नाही, वाचणार नाही. नुसती बसेन.

मडगावचा थोरला
माझं मत बदललेलं नाही, ताई. पण या. दुपारी तीननंतर ती मागच्या सोप्यावर तांदूळ निवडत असते. एक सूप जास्तीचं आहे.