वेताळ पेठेतली 'मजकूर आळी' आजच्या पुण्यात कुठे?

पेठशोधक:

घरातल्या कागदांत एका मोडी यादीच्या तीन पानांच्या झेरॉक्स आहेत. मूळ कागद कुठे आहे ते घरात कुणालाच माहीत नाही. मोडीचा प्राथमिक वर्ग केलेला असल्यामुळे एवढे लागले:

मथळा: 'खानेसुमारी (म्हणजे घरांची मोजदाद) पेठ वेताळ', खाली 'सन सबा तिसैन मया व अलफ'. बेरीज ११९७ येते. हिजरी धरून मी इ.स. १७८३ काढले.

आमच्या पूर्वजाची ओळ: नाव, 'बिन' (म्हणजे मुलगा), वडिलांचे नाव, 'आळी मजकूर', 'घर १', 'खण ५' आणि पुढे दोन दंड, म्हणजे उभ्या रेघा. आडनाव नाही.

याशिवाय पहिल्या पानावर वरच्या बाजूला 'ळी आळी' असे काहीतरी दिसते. त्याआधीची अक्षरे घडीत गेली आहेत. ती दुसरी एखादी आळी असावी.

'मजकूर आळी' गूगल नकाशावर नाही, पेठांच्या याद्यांत नाही, जुन्या रहिवाशांनाही ठाऊक नाही. रस्तारुंदीत गेली असेल का? आणि १८८१ च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते पुण्यात कुठे बघायला मिळतात? तिथून मागे येता आले तर सोपे पडेल.

बोरू_टाक:

मजकूर नावाची आळी कधी नव्हतीच, त्यामुळे ती शोधणे आधी थांबवा. 'मजकूर' म्हणजे वर सांगितलेली. 'कसबे मजकूर', 'पेठ मजकूर', 'साल मजकूर' हे दफ्तरी कागदांत पानोपानी येते. लेखनिक आळीचे नाव एकदाच, शीर्षक म्हणून लिहितो. पुढच्या ओळींत 'आळी मजकूर' किंवा नुसते 'कित्ता' (वरीलप्रमाणे) टाकून मोकळा होतो. त्यामुळे घडीत गेलेली '…ळी आळी' हीच तुमची आळी असण्याची शक्यता जास्त. मात्र खात्री करण्याआधी ते शीर्षक आणि तुमची ओळ यांच्यामध्ये दुसरे शीर्षक नाही ना, ते पाहा. दुसरे शीर्षक आले की 'मजकूर'चा अर्थ तिथून बदलतो. पूर्वजाच्या ओळीचा तेवढाच तुकडा कापून वाचायला पाठवणारे इथेच फसतात. पान पूर्ण हवे, मागचेही हवे.

सन हिजरी नाही, सुहूर आहे, म्हणजे सूर्याच्या वर्षावर चालणारे साल. मराठी दफ्तरात अरबी शब्दांत लिहिलेले साल बहुतेक वेळा सुहूरच असते. ते मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास बदलते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदीला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तुमचे ११९७ म्हणजे १७९६-९७. हिजरी धरल्यामुळे चौदा वर्षांचा फरक पडला. तेवढ्यात एक पिढी वर-खाली होते आणि वंशावळीत भलताच माणूस बसतो. आकड्यांचे शब्दही पुन्हा तपासा: सबा सात, सबैन सत्तर, समान आठ, समानीन ऐंशी, तिसा नऊ, तिसैन नव्वद. आधी एकक, मग दहाई, मग शेकडा, मग हजार हा क्रम मोडत असेल तर वाचन चुकले आहे. पुढे इंग्रजी अमदानीतला कागद हाती आला आणि त्यावर फसली (महसुली) साल असले, तर दख्खनच्या फसलीला डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळवायचे.

'खण ५' पुढचे दोन दंड म्हणजे पूर्णविराम नव्हे. मोडीत विरामचिन्हे नसतात. आकड्यानंतर एक दंड पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. म्हणजे घर साडेपाच खणांचे. मात्र हेच दंड अक्षरानंतर आले तर तो संक्षेप असतो: 'नि॥' निसबत (कडील), 'त॥' तर्फ, 'क॥' कसबे, 'इ॥' इस्तकबील (पासून), 'ता॥' तागाईत (पर्यंत). खणांचा आकडा जपून ठेवा, पुढे लागेल.

कौलारू:

पेठेबद्दल. वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ. वेताळाच्या देवळावरून ते नाव होते आणि एकोणिसाव्या शतकातही चालू होते. जोतीराव फुल्यांनी १८५२ साली काढलेली मुलींची शाळा वेताळ पेठेतली म्हणूनच नोंदली गेली आहे. हाच गोंधळ इतर पेठांचाही होतो: नाना पेठ म्हणजे आधीची हनुमंत पेठ, रास्ता पेठ म्हणजे शिवपुरी, शुक्रवार म्हणजे विसापूर, सोमवार म्हणजे शहापूर. गंज पेठ तर अलीकडे महात्मा फुले पेठ झाली. १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा आहे, तीन भागांत. तिसऱ्या भागात शहराचे पेठवार वर्णन आहे, जुन्या नावांसकट. सुरुवात तिथून करा. मात्र पेठेच्या आजच्या हद्दी १७९७ च्या यादीवर लादू नका. कडेची आळी आज शेजारच्या पेठेत गेलेली असू शकते.

जनगणनेचा नाद सोडा, हे स्पष्टच सांगतो. इंग्लंडमध्ये शंभर वर्षे झाली की घरोघरचे तक्ते खुले होतात. ते पाहून आपल्याकडेही लोक १८८१ ची यादी मागतात. आपल्याकडे मोजणीनंतर छापील तक्ते राहिले, माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या जपल्या गेल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या गणनांतली वैयक्तिक नोंद १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ मुळे पाहता येत नाही. छापील अहवालात आकडे मिळतील, तुमचे आजोबा मिळणार नाहीत. नावानिशी हवे असेल तर खानेसुमारी, घरपट्टी, खरेदीखते आणि सिटी सर्व्हे (शहरातल्या मिळकतींची सरकारी मोजणी), एवढेच मार्ग आहेत.

पेशवाईत शहरातल्या घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद आणि माणसांची मोजदाद कोतवालीकडे, म्हणजे शहराचा बंदोबस्त पाहणाऱ्या कचेरीकडे होती. म्हणून यादीची भावंडे कोतवालीच्या कागदांत शोधावीत.

पेठशोधक:

आभार. दुसरे शीर्षक मध्ये नाही, तिन्ही पाने पाहिली. आता घडीतले अक्षर. 'ळी'च्या आधी एक किंवा दोन अक्षरांची जागा आहे. माळी, साळी, कोळी, गवळी, काहीही बसते. झेरॉक्समध्ये घडीची नुसती काळी पट्टी आली आहे.

बोरू_टाक:

काय बसते हे आधी ठरवलेत तर डोळ्याला तेच दिसू लागते. उलट्या बाजूने जा.

पहिले, त्याच हाताची अक्षरमाला तयार करा. याच तीन पानांतून ज्या शब्दांबद्दल शंका नाही असे शब्द घ्या: मथळा, महिन्यांची नावे, 'मजकूर', 'बिन', 'सुमारी', ओळखीची माणसांची नावे. 'मजकूर'मधून म मिळेल, 'सुमारी' आणि 'सन'मधून स, 'कित्ता'मधून क, 'वेताळ'मधून व आणि ळ. प्रत्येक अक्षराचे तीन-चार नमुने कापून एका कागदावर ओळीने चिकटवा. छापील मोडी तक्त्याशी ताडून पाहू नका. तक्ता सुट्या अक्षरांचा असतो, लेखनिक बोरू न उचलता लिहितो आणि जोडणीत अक्षराचे अंग बदलते. म्हणून नमुना घेतानाही पुढे 'ा' किंवा 'ळ' जोडलेला मिळाला तर तोच घ्या. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि शब्द न तोडता लिहितात, त्यामुळे 'ळी'च्या आधीचे चिन्ह आधीच्या शब्दाचे शेपूटही असू शकते. ऱ्हस्व-दीर्घावर तर काहीच ठरवू नका.

दुसरे, शेजारी वाचा. यादी साधारण लेखनिकाच्या चालण्याच्या क्रमाने जाते. त्या शीर्षकाखालच्या सगळ्या घरांचे धंदे एका रकान्यात लिहून काढा. आळीत धंद्याची दाटी असतेच. मात्र दोन-चार घरांवरून निकाल देऊ नका, जातीचे नाव लागलेल्या आळीतही इतर लोक राहत.

तिसरे, मूळ कागद किंवा त्याची दुसरी प्रत मिळाली तर छायाचित्र फ्लॅश न वापरता, प्रकाश एका बाजूने अगदी आडवा पाडून घ्या. घडीच्या एका बाजूने एक आणि विरुद्ध बाजूने दुसरे. स्कॅन करायला परवानगी असेल तर रंगीत, सहाशे डीपीआय. काळ्या-पांढऱ्यात शाई आणि घडीची सावली एक होतात, तुमच्या झेरॉक्सचे तेच झाले आहे. घडी उलगडून दाबायला जाऊ नका, कागद तिथेच तुटतो.

रुमालवाला:

मूळ कुठे शोधायचे ते सांगतो. कौन्सिल हॉलजवळचे पुणे पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत आणि मागणी रुमालाच्या क्रमांकानेच करावी लागते. 'माझे पूर्वज शोधायचे आहेत' एवढ्या अर्जावर कुणी काही काढून देऊ शकत नाही. विभाग, प्रांत, साल आणि कागदाचा प्रकार लिहा. तुमच्यासाठी 'प्रांत अजमास, पुणे' हा विभाग आधी, सुहूर ११९५ ते १२०० अशी मुदत धरून, आणि प्रकार खानेसुमारी, घरपट्टी, कोतवाली. झेरॉक्सच्या कोपऱ्यात जुना शिक्का किंवा पेन्सिलीचा आकडा आहे का ते भिंगातून पाहा, बहुतेकदा तोच रुमालाचा माग असतो. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही विचारा. खासगी घराण्यांची दफ्तरे तिथे आली आहेत, आणि अडलेले वाचन दाखवायला जाणती माणसेही भेटतात.

१७९७ नंतर लगेच नाव गायब झाले तर वाचन चुकले असे समजू नका. १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने शहर लुटले, १८०२ मध्ये होळकरांची स्वारी आली आणि मागोमाग दुष्काळ. घरे ओस पडली, बखळी (पडक्या मोकळ्या जागा) झाल्या, मालक बदलले.

कौलारू:

आळीचे नाव लागले तरी जागा लागत नाही, हा पुढचा अडसर. तिथे चतुःसीमा उपयोगी पडते. घराच्या खरेदीखतात पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस कोण ते लिहिलेले असते. तुमच्या यादीतले पूर्वजाच्या आधीचे आणि नंतरचे नाव हेच बहुधा दोन बाजूंचे शेजारी. पूर्वजाच्या नावाने खत मिळाले नाही तर शेजाऱ्यांच्या नावाने शोधा. इंग्रजी अमदानीतल्या नोंदणीकृत दस्तांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची पाहा: सूची एक माणसांच्या नावांची, सूची दोन मिळकतींची. नाव ठाऊक आहे, नंबर नाही, म्हणून एकपासून सुरुवात.

तिथून सिटी सर्व्हे. नुसते मालमत्ता पत्रक काढून थांबू नका, चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. मिळकत पहिल्यांदा मोजली तेव्हा मालकाने कुठला जुना कागद दाखवला ते त्यात सापडू शकते. आणि घर नंबर व सिटी सर्व्हे नंबर एक समजू नका. पुण्याच्या पत्त्यात दोन्ही नुसत्या आकड्याने लिहिले जातात आणि निम्मे घोळ त्यातूनच होतात.

आता ते साडेपाच खण. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर, ढोबळमानाने पाच फूट. म्हणजे सुमारे २७ फूट. सर्व्हेच्या जुन्या शीटवर त्या ओळीत तेवढ्या दर्शनी लांबीचे भूखंड किती ते मोजा. एकट्या खणावर ठरवू नका, शेजारच्या पाच-सहा घरांच्या खणांचा क्रम जुळतो का ते बघा. मात्र काही याद्यांत खण दर्शनी बाजूचे नसून सगळ्या घराचे असतात. यादीत एखादे पन्नास खणांचे घर दिसले तर तो हिशेब सगळ्या घराचा समजा.

नकाशाकीडा:

जुना नकाशा आजच्यावर बसवणार असाल तर क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीतला जिओरेफरन्सर पुरतो. दोन्ही नकाशांवरच्या त्याच खुणा जुळवून तो जुना नकाशा जागेवर बसवतो. तीन खुणांवरही गणित चालते, पण चूक कळत नाही. दहा-बारा खुणा घ्या, चारही कोपऱ्यांत पसरलेल्या. खुणा म्हणून देवळाचा गाभारा, हौद, दगडी वाड्याचा कोपरा. रस्त्याची कड किंवा चौक नको. शिवाजी रस्ता आणि लक्ष्मी रस्ता जुनी वस्ती कापत गेले, तिथल्या कडा सरकल्या आहेत. नदीकाठही नको, १९६१ च्या पानशेत पुरानंतर तिकडचे बरेच बदलले. सिटी सर्व्हेच्या मोजलेल्या शीटला साधे रेषीय रूपांतर (यादीतले 'पॉलिनॉमिअल १', 'लिनिअर' नव्हे) बसते. हाताने काढलेल्या नकाशाला थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा जागोजागी ताणणारे रूपांतर) लावा, पण त्यात प्रत्येक खूण जबरदस्तीने जुळते आणि चुकीची खूणही बरोबर दिसते. म्हणून आधी रेषीय लावून कुठल्या खुणेची चूक इतरांहून बरीच जास्त येते ते पाहा आणि ती काढून टाका.

पेठशोधक:

धंद्यांचा रकाना केला. त्या शीर्षकाखाली एकोणीस घरे आहेत, पैकी अकरांपुढे 'माग १' किंवा 'माग २' आहे. शीर्षकातले अर्धे अक्षर 'सुमारी'तल्या स शी जुळते, म शी नाही. साळी आळी धरू का?

बोरू_टाक:

पेन्सिलीने धरा. साळी विणकर खरे, पण माग कोष्ट्यांकडेही असत, म्हणून धंद्याने फक्त माळी, कोळी आणि गवळी बाद झाले. साळी ठरते ते त्या स मुळे, आणि तो घडीत अर्धा आहे. मूळ कागद किंवा आसपासच्या सालाची दुसरी यादी पाहा. तिथे तेच शेजारी त्याच क्रमाने आणि शीर्षक अख्खे असले की शाईने लिहा. अर्जात मात्र आळीचे नाव आत्ताच घालू नका. 'पेठ वेताळ, खानेसुमारी' एवढेच लिहा, नाहीतर शोधणारा फक्त साळी आळीच शोधेल.