कुलगुरू, कुलपती, कुलाधिपती: नेमणूक नक्की कोणाची आणि करणार कोण?

रानजाई
मी हिंदीतून मराठीत बातम्या करून देते, रोजचंच काम आहे. काल उत्तरेकडच्या एका राज्यातली बातमी आली, नव्या कुलपतिच्या नियुक्तीवरून सरकार आणि राज्यपाल यांच्यात ठनी आहे वगैरे. मी लिहिलं "नव्या कुलगुरूंच्या नेमणुकीवरून सरकार आणि राज्यपालांमध्ये जुंपली". आमच्या डेस्कवरच्या सरांनी ते खोडून परत "कुलपतींच्या" केलं, म्हणे मूळ बातमीत कुलपती आहे, पदाचं नाव बदलायचा आपल्याला काय अधिकार. अहो पण आपल्याकडे कुलपती, म्हणजे विद्यापीठाचे चान्सलर, हे राज्यपालच की! "कुलपतींच्या नेमणुकीवर राज्यपाल नाराज" हे वाचून मराठी माणसाने समजायचं काय, की राज्यपाल स्वतःच्याच नेमणुकीवर नाराज आहेत? पुढच्याच वाक्यात कुलाधिपति होतं, त्याचं मी कुलपती केलं होतं, तेही खोडलं. मला पटत नाहीये. दुसरं म्हणजे कुलगुरूपदासाठी नावं सुचवणाऱ्या सर्च कमिटीला "शोध समिती" लिहिते मी, तर सर म्हणतात निवड समिती लिही. तुम्ही काय लिहिता?

पाऊलवाट
ताई तुमचंच बरोबर आहे. हिंदीवाले एक पायरी वरून मोजतात. त्यांचा कुलपति तो आपला कुलगुरू, त्यांचा कुलाधिपति तो आपला कुलपती. हे लक्षात न घेता शब्द तसाच उचलला तर अख्खी भांडणाची बातमी उलटी होते, कारण भांडण कोण कोणाला नेमणार याचंच आहे ना! आणि हा घोळ फक्त उत्तरेतला नाही, आपल्या वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, केंद्रीय विद्यापीठ, तिथे व्हाइस चान्सलरला कुलपतिच म्हणतात आणि वर कुलाधिपति. म्हणजे नागपूरला जो कुलगुरू तो तासाभरावर वर्ध्यात कुलपती. स्थानिक पेपरवाले कधी हे लिहितात कधी ते.

अनुस्वार
मी सरांच्या बाजूने. पदनाम हे जवळजवळ विशेषनाम असतं. त्या राज्याच्या कायद्यात जर कुलपति लिहिलंय तर आपण कोण त्याला कुलगुरू करणारे? वर्ध्याच्या पाटीवर कुलपति असेल तर बातमीतही कुलपतीच हवं. कंसात खुलासा द्यावा फार तर.

रानजाई
@अनुस्वार मग विधायक पण तसंच ठेवू का? "विधायकांची बैठक झाली" असं मराठीत लिहिलं तर लोक समजतील काहीतरी चांगलं काम करणाऱ्यांची बैठक झाली. आपण आमदार लिहितोच. सांसद आला की खासदार, प्रधानमंत्री आला की पंतप्रधान. तेव्हा कोणी म्हणत नाही कायद्यातला शब्द बदलला म्हणून. मग कुलपतीलाच एवढं सोवळं का?

जुनीफाईल
मी विद्यापीठाच्या आस्थापना विभागात होतो, निवृत्त झालो आता, म्हणून थोडं लिहितो. संस्कृतात बघायला गेलं तर हिंदीवाले जास्त बरोबर आहेत हो. दहा हजार मुनींना जो अन्न घालून पोसतो आणि शिकवतो तो कुलपती, असा श्लोकच आहे. महाभारताच्या सुरुवातीला शौनकाला कुलपती म्हटलंय, कण्वही कुलपती. म्हणजे प्रत्यक्ष आश्रम चालवणारा, रोज पोरांत बसणारा माणूस. आपल्याकडचा कुलपती मुंबईत बसतो, वर्षाकाठी दीक्षान्त समारंभाला येतो आणि सही करतो. आणि कुलगुरू म्हणजे मुळात घराण्याचा गुरू, रघुकुलाचे वसिष्ठ. म्हणजे राजाच्या पदरी असलेला. आपण शब्द नेमके उलटे बसवले असं माझं स्पष्ट मत आहे.

तळटीप
काका, कुल म्हणजे फक्त घराणं नाही, गुरुकुलातलं कुल पण आहेच की, विद्यार्थ्यांचा समुदाय. त्या अर्थाने कुलगुरू अगदी चपखल बसतो, सगळ्या कुलाचा गुरू. आणि मराठीत तो इतका रुळलाय की आता मूळ काढून काय करायचं? उलट हिंदीच आपल्याकडे यायला लागलीय. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये कुलपति सोडून कुलगुरु घेतलं, राजस्थानने २०२५ मध्ये विधेयकच आणलं त्यासाठी, दिल्लीच्या जेएनयूने, म्हणजे जवाहरलाल नेहरू विद्यापीठानेही २०२५ मध्ये हिंदीत कुलगुरु करून टाकलं. म्हणजे रानजाईताई, तुमचे सर ज्या मूळ शब्दासाठी अडून बसलेत तो मूळ राज्यातच राहील की नाही याची खात्री नाही.

कोराकागद
तो बदल काही भाषेच्या प्रेमाने झालेला नाही, गुरुपरंपरेचं राजकारण आहे ते. नाव बदलायला वेळ आहे, पदं भरायला नाही.

तळटीप
असं सरसकट नका म्हणू. जेएनयूमध्ये मुद्दा स्त्री-पुरुषाचा होता. कुलगुरूपदावर बाई, आणि हिंदीत तिला कुल-पति म्हणायचं. २००७ ला प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा आपल्याकडे राष्ट्रपती की राष्ट्राध्यक्षा यावर किती चर्चा झाली होती आठवतंय ना? आपल्याला कुलगुरू शब्दामुळे हा प्रश्न कधी पडलाच नाही. मुंबई विद्यापीठात स्नेहलता देशमुख कुलगुरू होत्या, कोणाला काही खटकलं नाही.

अनुस्वार
पती म्हणजे इथे नवरा नाही, स्वामी. सेनापती, सभापती, लक्षाधिपती. पंचायत समितीच्या सभापती बाई असतात गावोगाव, त्यांना कोणी दुसरा शब्द शोधत नाही. शिवाय मराठीतला प्रश्न सुटलाय असंही नाही, फक्त एक पायरी वर गेलाय. केरळ कलामंडलम या तिथल्या कला विद्यापीठाच्या चान्सलरपदावरून तिथल्या सरकारने २०२२ मध्ये राज्यपालांना बाजूला केलं आणि नृत्यांगना मल्लिका साराभाईंना नेमलं. त्यांना मराठीत काय म्हणणार? कुलपतीच ना? मग झालं.

कोराकागद
केरळचं निघालंच आहे तर बोलू. आधी राज्यपाल पटत नाहीत म्हणून राज्यपालांना काढायचं, मग आपल्या पसंतीचं माणूस बसवायचं. आपल्याकडे तेच करायचा प्रयत्न झाला. डिसेंबर २०२१ चं विधेयक आठवा, समितीने किमान पाच नावं द्यायची ती सरकारला, सरकारने त्यातली दोन निवडून राज्यपालांकडे पाठवायची आणि राज्यपालांनी त्या दोनातलंच एक घ्यायचं. वर उच्च शिक्षण मंत्री प्र-कुलपती, म्हणजे कुलपतींच्या खालोखाल. विद्यापीठात मंत्रालय घुसवायचा तो कायदेशीर मार्ग होता, बरं झालं पुढे सरकार बदलल्यावर ते मागे घेतलं.

पाऊलवाट
आणि राज्यपाल कुठून येतात हो? दिल्लीहूनच ना? निवडून आलेल्या सरकारने विद्यापीठांना पैसा द्यायचा, विधिमंडळात उत्तरं द्यायची, प्राध्यापकांच्या पगाराचं बघायचं, आणि कुलगुरू कोण यात त्याला काडीचा आवाज नको? जानेवारी २०२५ चा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा मसुदा वाचा, कुलगुरू शोधायच्या तीन जणांच्या समितीत एक कुलपतींचा, एक यूजीसी अध्यक्षांचा, एक विद्यापीठाचा. राज्य सरकारचा एकही नाही! मग केरळ तमिळनाडू कर्नाटक ओरडणारच. मंत्रालय घुसलं तर राजकारण आणि दिल्ली घुसली तर स्वायत्तता, हा न्याय मला तरी मान्य नाही.

कोराकागद
राज्यपालांच्या हातात असलं तर निदान एक अंतर राहतं. १८५७ ला मुंबई विद्यापीठ झालं तेव्हापासून गव्हर्नरच चान्सलर आहेत, ही घडी काही आजची नाही.

पाऊलवाट
इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी घातलेली घडी आहे ती! गव्हर्नर म्हणजे तेव्हा सरकारच होतं, वेगळं अंतर वगैरे काही नव्हतं. आज दोन वेगळी माणसं आहेत आणि दोन वेगळ्या मालकांची आहेत म्हणून तर भांडण आहे.

जुनीफाईल
तुमच्या दोघांच्या भांडणात मधे कोण भरडतं ते सांगतो. वरती एकमत होत नाही तोवर खाली "प्रभारी" बसतो. आमच्याकडे असाच बराच काळ गेला, शेजारच्या विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे अतिरिक्त कार्यभार, ते आठवड्यातून दोनदा यायचे आणि फायली टेबलावर थप्पी लावून ठेवलेल्या असायच्या. लाल फीत सोडायची, सही, पुढची. धोरणाचा म्हणून एकही कागद हलायचा नाही कारण प्रभारी माणूस म्हणायचा नियमित कुलगुरू येऊ द्या मग बघू. भरतीची फाईल, नव्या अभ्यासक्रमाची फाईल, सगळ्यांवर एकच शेरा, "प्रलंबित ठेवावे". या वादात कोण बरोबर कोण चूक ते मला सांगता येतं पण सांगून उपयोग काय, ज्या पोराची फाईल अडली त्याला दोघेही सारखेच.

आणि शब्दावरून आठवलं म्हणून सांगतो, प्र-कुलगुरू आणि प्र. कुलगुरू हे दोन वेगळे प्राणी आहेत. आडवी रेघ असली तर ते पदच वेगळं, कायद्यातलं, कुलगुरूंच्या खालचं. टिंब असलं तर प्रभारी, जसं कॉलेजात प्र. प्राचार्य असतात. आमच्याकडे एका परिपत्रकात टिंबाच्या जागी रेघ पडली आणि प्रभारी साहेब पदाने एक पायरी खाली आले, पुढे ते परिपत्रक मागे घेऊन दुरुस्त करून परत काढलं. रेघ आणि टिंब, एवढासाच फरक!

रानजाई
काका हे फार कामाचं सांगितलंत. आणि २०२१ च्या विधेयकातले "प्र-कुलपती" म्हणूनच लोकांना कळले नाहीत, कित्येकांना वाटलं प्रभारी कुलपती नेमतायत म्हणजे राज्यपाल रजेवर गेले की काय. शोध समितीचं कोणी बोललंच नाही पण...

तळटीप
शोध समितीच ठेवा ताई. निवड समिती म्हटलं की निवड तिनेच केली असं होतं. ती फक्त नावं सुचवते, नेमणूक दुसराच करतो. यातच तर सगळी मेख आहे. आणि मला तर वाटतं क्रियापदावरून बातमीदार कोणाच्या बाजूचा ते कळतं. आपला माणूस असला की "कुलगुरूपदी निवड", दुसऱ्याचा असला की "कुलगुरूपदी वर्णी". बातमी तीच.

अनुस्वार
वर्णीत वाईट काय आहे? वर्णी लागणे म्हणजे नंबर लागणे, एवढंच. मथळ्यात दोन अक्षरात बसतं म्हणून वापरतात.

तळटीप
छे, वर्णीला वशिल्याचा वास आहेच. "महामंडळावर वर्णी" असंच येतं नेहमी, "नोबेल पुरस्कारासाठी वर्णी" कोणी लिहितं का?

जुनीफाईल
आमच्या आजोबांच्या तोंडी वर्णी लावणे म्हणजे अनुष्ठानाला, जपाला ब्राह्मण बसवणे असं होतं. यजमान वरण करतो, वृ म्हणजे निवडणे, ज्यातून नवरदेव या अर्थाचा वर पण आला. म्हणजे काम करायला लायक म्हणून निवडलेला माणूस. दक्षिणा यजमानाकडून असते म्हणून तो यजमानाचाच, हेही त्यात आलंच. शब्द वाईट नव्हता, वापरणाऱ्यांनी केला.

कोराकागद
मला तर वर्णी वर्ण म्हणजे रंग यावरून वाटतो, ज्याच्या रंगाचं सरकार त्याची वर्णी.

जुनीफाईल
नाही हो, रंगाचा काही संबंध नाही. असं ऐकायला छान वाटणारं मूळ काढायची सवय फार बोकाळलीय.

पाऊलवाट
मूळ काहीही असो, आज वाचणाऱ्याला वशिलाच दिसतो, तेव्हा ज्या नेमणुकीवर वाद चालू आहे तिथे बातमीत वर्णी लिहूच नये. नेमणूक लिहावं, साधा शब्द आहे, कोणाची बाजू घेत नाही. "नियुक्ती" पण नको, नेमणूक असताना संस्कृत कशाला.

अनुस्वार
सरकारी आदेशाला नियुक्ती आदेशच म्हणतात, नेमणूक आदेश कानाला कसं लागतं? कायद्याच्या भाषेत नेमकेपणा हवा. आणि तुम्हाला संस्कृत नको तर कुलगुरू तरी कशाला ठेवता, व्हीसी म्हणा, कॉलेजातली सगळी मुलं व्हीसीच म्हणतात.

पाऊलवाट
म्हणतात आणि म्हणू देत. पण "व्हीसींची नेमणूक चान्सलर करतात" असं लिहिलं तर निदान कोण कोणाला नेमतंय ते वाचणाऱ्याला कळतं. तुमच्या "कुलपतीची नियुक्ती कुलाधिपती करतात" मध्ये मराठी माणसाला अर्धा तास लागेल.

अनुस्वार
एक राहिलंच. वर सगळ्यांनी "कुलगुरूपदी" दीर्घ लिहिलंय. गुरु तत्सम आहे, समासात ह्रस्वच राहायला हवा, गुरुदक्षिणा, गुरुकुल, तसं कुलगुरुपदी. एकटा असला की कुलगुरू दीर्घ, कुलगुरूंना दीर्घ.

तळटीप
पेपरात तर सर्रास दीर्घच येतं. किती वर्षं झाली.

अनुस्वार
पेपरात सर्रास येतं म्हणून नियम बदलत नाही. मग कुलपतीही सर्रास येतंय की वर्ध्यात, तो का नको तुम्हाला?

पाऊलवाट
दोन्ही गोष्टी एक नाहीत! ह्रस्व-दीर्घाने माणूस बदलत नाही, कुलगुरूचा कुलपती केला तर माणूसच बदलतो.