‘ती त्यांची संस्कृती आहे’ हे मला पटत नाही

वसुधा
तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी यांच्या दिल्ली भेटीवर ‘रोखठोक’ यांनी परवा जे लिहिलं ते मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं तापलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 10 ऑक्टोबर 2025 ला अफगाण दूतावासातल्या पत्रकार परिषदेला महिला पत्रकारांना बोलावलं नाही म्हणून एवढा गहजब कशाला? दूतावास म्हणजे त्यांचं घर. बायकांनी पडद्याआड राहायचं ही त्यांची संस्कृती. आपण आपलं हित बघावं. खाली सहमतीची रांग लागली आहे.

काबूलशी बोलावं की नाही, यावर मी वाद घालत नाही. माझं भांडण ‘संस्कृती’ या शब्दाशी आहे. संस्कृतीला तारीख नसते, याला आहे. 23 मार्च 2022 ला सहावीच्या पुढच्या मुली दप्तरं घेऊन शाळेत गेल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवलं. 20 डिसेंबर 2022 ला विद्यापीठं बंद झाली, चारच दिवसांनी स्वयंसेवी संस्थांमधल्या नोकऱ्या. त्याच्या आधीच्या महिन्यात बागा आणि व्यायामशाळा. जुलै 2023 मध्ये ब्यूटी पार्लर. ऑगस्ट 2024 च्या कायद्यात तर बाईचा आवाजसुद्धा परपुरुषाच्या कानावर पडू नये असं लिहून ठेवलंय. ही फर्मानं आहेत, सहीशिक्क्याची. याच काबूलमध्ये अमानुल्ला आणि राणी सुरय्यांच्या काळात, 1921 मध्ये, मुलींची शाळा निघाली होती. 1965 मध्ये चार बायका निवडून संसदेत गेल्या होत्या. त्या कुठल्या संस्कृतीच्या?

आता माझं सांगते. डेक्कनला माझी मेस आहे, बावीस वर्षं झाली. पुण्यात अफगाण मुलं शिकायला येतात हे पुणेकरांना सांगायला नको. त्यातली एक मुलगी दोन वर्षं माझ्याकडे जेवायला होती, राहायला वरच्याच खोलीत. विषय संख्याशास्त्र. मला ‘खाला’ म्हणायची. आमटीत गूळ कशाला, यावरून रोज वाद घालायची आणि वाटी पुन्हा पुढे करायची. कोरोनात घरी गेली. सप्टेंबर 2021 ला परत यायचं ठरलं होतं, व्हिसा हातात होता. 15 ऑगस्टला काबूल पडलं, 25 ला आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द झाले. तिची निळी बॅग अजून माझ्या माळ्यावर आहे. आत एक स्वेटर, कोष्टकांचं पुस्तक आणि बरणीत सुकवलेले तूत. दर दिवाळीला बॅग खाली काढते, पुसते, परत वर ठेवते. ही मुलगी पाहुण्यांच्या ‘संस्कृती’त बसत नव्हती, हे मला कुणी समजावून सांगा.

रोखठोक
वसुधाताई, मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण माळ्यावरच्या बॅगेवरून परराष्ट्र धोरण ठरत नाही. आपण 2021 मध्ये दूतावास बंद करून आलो, त्याचा एका तरी अफगाण बाईला उपयोग झाला का? जून 2022 मध्ये तांत्रिक पथक परत गेलं तेव्हा कुठे आपण पाठवलेल्या गहू-औषधांवर आपली नजर राहू लागली. चीनने त्यांचा राजदूत स्वीकारला, रशियाने जुलै 2025 मध्ये मान्यताच दिली. आपण दाराबाहेर उभं राहून कुणाला धडा शिकवणार? आणि 12 तारखेला दुसरी पत्रकार परिषद झाली, महिला पत्रकार पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तेवढं तुम्ही लिहिलं नाहीत.

वसुधा
राहिलं, मान्य. पण त्या पहिल्या रांगेत कशा आल्या? दोन दिवस ओरड झाली म्हणून. शुक्रवारची संस्कृती रविवारी कशी बदलली? तुमच्याच उदाहरणाने माझा मुद्दा सिद्ध होतो.

हेरातकर
अफगाणिस्तानात हेरातकडे भारताने बांधलेल्या सलमा धरणावर मी दोन वर्षं होतो. त्याच्या उद्घाटनाला, जून 2016 ला, दोन्ही देशांचे नेते आले होते, पण मी ज्या गावांतून ये-जा केली तिथे कुणी गेलं नाही. म्हणून बोलतो. वसुधाताईंच्या तारखा खऱ्या आहेत, पण त्या काबूलच्या तारखा आहेत.

आमच्या छावणीवर एक चौकीदार होता. रोज सकाळी नऊ वर्षांच्या पोरीला मोटरसायकलवर पुढ्यात बसवून शाळेत सोडायचा. पोरगी टाकीला दोन्ही हातांनी धरून बसायची. एका उन्हाळ्यानंतर ती दिसेना. विचारलं तर म्हणाला, ठरलं तिचं, पैसे घेतले. तेव्हा काबूलमध्ये तालिबान नव्हते. संसदेत बायका होत्या, परदेशी पैसा ओतला जात होता. तरी त्या पोरीची शाळा सुटली. दोन वर्षांत कामगारांच्या घरातली एकही बाई मी समोर पाहिली नाही. सगळं खापर 2021 वर फोडलं की आधीचं विसरायला सोपं जातं.

परभणीकर
हेरातकर काका बरोबर बोलले. आणि हेरात कशाला पाहिजे? माझ्या चुलतबहिणीची शाळा आठवीला सुटली, कारण नववीची शाळा अकरा किलोमीटरवर आणि एसटी बंद. ऊसतोडीला आईबाप गेले की पोरगी घरी एकटी नको म्हणून सोळाव्या वर्षी उजवतात. त्यावर इथे किती धागे निघाले? काबूलचं नाव निघालं की पुण्यातल्या लोकांना पान्हा फुटतो. आमच्या एसटीसाठी कुणी दोन ओळी लिहीत नाही.

वसुधा
परभणीकर, एसटीचा धागा काढा, पहिली प्रतिक्रिया माझी असेल. पण एक फरक लक्षात घ्या. तुमच्या बहिणीची एसटी सुरू करा म्हणून तहसीलवर मोर्चा नेता येतो. तिथे मोर्चा काढला तर तुरुंग. तुमच्या बहिणीला कुणी कायद्याने शिकायला बंदी केलेली नाही.

परभणीकर
कायद्याने नाही, पण परिणाम तोच ना. बहिणीला फरक काय सांगू?

प्रसूतीकक्ष
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हेरातकर म्हणतात ते गावाचं चित्र खरं असेल, पण त्याच गावांना या बंदीचा फटका सगळ्यात जास्त बसणार आहे, हे कुणी बोलत नाही. जिथे बाईला पुरुष डॉक्टरने हात लावायचा नाही, तिथे बाळंतपण कुणी करायचं? सुइणीने, नर्सने, बाई डॉक्टरने. विद्यापीठं 2022 मध्ये बंद केली. उरलेला एकच रस्ता, नर्स आणि सुइणींचे वर्ग, तो डिसेंबर 2024 मध्ये बंद केला. आज ज्या सुइणी काम करतात त्या थकतील, तेव्हा मागे कुणीच नसेल. 31 ऑगस्ट 2025 ला कुनारला भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली. मदतीला आलेले पुरुष बायकांना हात लावायला धजत नव्हते अशा बातम्या तेव्हा आल्या. माझ्या पहिल्या वर्षी एक बाई चार तास बैलगाडीतून रक्तस्राव होत आली होती. टेबलावर घेतलं तेव्हा तिची नाडी माझ्या बोटाखाली दोऱ्यासारखी लागत होती. ती वाचली, कारण त्या रात्री तिथे मी होते, एक नर्स होती आणि रक्त होतं. यातली दोन माणसं काढून टाका आणि मग मला संस्कृती सांगा.

हेरातकर
हा मुद्दा मला सुचला नव्हता. मान्य करतो. चौकीदाराच्या पोरीला बाळंतपणात सुईण लागणारच आहे.

रोखठोक
डॉक्टर, म्हणूनच म्हणतो की बोलत राहा. बोललो तरच दवाखान्यांना काही सांगता येईल.

गुगली
सगळे बोलत राहा म्हणताय, मग क्रिकेटवर बहिष्काराची मागणी कशाला करतात? जानेवारी 2025 मध्ये इंग्लंडच्या दीडशेवर खासदारांनी अफगाणिस्तानशी चॅम्पियन्स ट्रॉफीचा सामना खेळू नका म्हणून पत्र लिहिलं. त्यांच्या राशिद खानचा काय दोष? सुइणींचे वर्ग बंद झाले तेव्हा स्वतःच्या नावाने विरोध करणारा तोच होता, नबीसुद्धा बोलला. घरचे तिथे असताना बोलायला छाती लागते.

दर्यावर्दी
गुगली, राशिद मला आवडतो. पण नियम काय सांगतो? कसोटीचा दर्जा, पूर्ण सदस्यत्व पाहिजे तर महिलांचा संघ पाहिजे. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये 25 मुलींना करारही दिले होते. आज त्यातल्या बहुतेक ऑस्ट्रेलियात आहेत. 30 जानेवारी 2025 ला मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर त्या पहिल्यांदा एकत्र मैदानात उतरल्या. देशाचा संघ म्हणून नव्हे, प्रदर्शनीय सामन्यात. आयसीसीने पुरुषांना सवलत दिली आणि मुलींना वाऱ्यावर सोडलं. 2024 च्या टी-20 विश्वचषकात पुरुषांचा संघ उपांत्य फेरीत गेला तेव्हा राशिदला व्हिडिओ कॉल करून अभिनंदन कुणी केलं? याच मुत्तकींनी. मुलींच्या संघाला कोण फोन करणार?

गुगली
त्या फोनला राशिदने काय करायचं होतं, कट करायचा? दर्यावर्दी, तुम्ही कधी त्यांच्या लोकांसोबत सामना बघितलाय? 7 नोव्हेंबर 2023 ला मी वानखेडेला होतो. झद्रानचं शतक झालं, विश्वचषकातलं त्यांचं पहिलं. माझ्या पुढच्या रांगेत पुण्याहून आलेल्या दोन अफगाण मुली, गालावर काळा-लाल-हिरवा रंग. ऑस्ट्रेलिया 7 बाद 91 असताना एक उभी राहून हमसून रडत होती. मॅक्सवेलने सामना फिरवला तरी शेवटपर्यंत जागची हलली नाही. तो झेंडा तालिबानने काबूलमधून काढला. तो आज जगासमोर फडकतो तो या संघाच्या हातात. तोही काढून घ्या म्हणता?

दर्यावर्दी
रडलेली मुलगी स्टेडियममध्ये बसू शकली कारण ती मुंबईत होती. 1974 ला आपण डेव्हिस कप टेनिसच्या अंतिम फेरीत पोहोचलो होतो. समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेदामुळे आपण खेळलोच नाही, कप सोडून दिला. माझे वडील तेव्हा महिनाभर हळहळले आणि तरीही म्हणायचे की बरोबर केलं. कातडीच्या रंगावरून माणसं वेगळी काढली तर खेळायचं नाही, आणि बाई म्हणून काढली तर खेळायचं, हा कुठला न्याय?

गुगली
दक्षिण आफ्रिकेचा संघ वर्णभेद करणाऱ्यांनी निवडलेला होता. हा संघ निर्वासितांच्या छावण्यांत टेनिसबॉलला टेप गुंडाळून तयार झालाय. दोन्ही एका मापाने मोजू नका.

रोखठोक
ऑस्ट्रेलियाची गोष्ट तर आणखी मजेची. द्विपक्षीय मालिका मुलींच्या नावाने रद्द करतात आणि विश्वचषकात गुण हवेत म्हणून खेळतात.

दर्यावर्दी
हे खरंय. तेवढ्यापुरतं तुमच्याशी सहमत, पुढे नाही. मालिका रद्द करायचीच तर सगळीकडे करा आणि त्या 25 जणींना संघ म्हणून मान्यता द्या. झेंडा त्यांच्याही हातात शोभेल.

गुगली
मान्यता द्या, याला माझा कधी विरोध होता? एप्रिल 2025 मध्ये आयसीसीने त्यांच्या मदतीला कृतिगट नेमला, त्यात आपलं मंडळही आहे. मुलींना द्या, मुलांचं काढू नका, एवढंच म्हणतोय. तुम्ही वडिलांना मध्ये आणता म्हणून वाद वाढतो.

दर्यावर्दी
वडिलांचं नाव मी सांगेन तेव्हा येईल, तुम्ही ठरवू नका.

वसुधा
दोघंही थांबा जरा. रोखठोक, मूळ मुद्द्यावर येते. संस्कृती हा शब्द तुम्ही मागे घेणार का? त्यांचे स्वतःचे तेव्हाचे उपपरराष्ट्रमंत्री स्तानिकझई, जे आपल्याच देहरादूनच्या लष्करी अकादमीत शिकले, ते जानेवारी 2025 मध्ये खोस्तमध्ये उघडपणे म्हणाले की मुलींची शाळा बंद ठेवायला कसलंही कारण नाही. त्यानंतर त्यांना देश सोडावा लागला. इजिप्तच्या अल-अझहरच्या प्रमुखांनी विद्यापीठबंदी शरियतच्या विरोधात आहे म्हणून सांगितलं. तालिबानचा मंत्री नाही म्हणतो, अल-अझहर नाही म्हणतं, फक्त पुण्या-मुंबईतली आपली माणसं ‘त्यांची संस्कृती’ म्हणतात.

रोखठोक
शब्द चुकला. ‘त्यांच्या सरकारचा नियम’ असं लिहायला हवं होतं. धोरणाबद्दलचं मत तेच आहे, ते बदलणार नाही. पण बोलणी करताना आपल्या बाजूने व्हिसाची अट घालता येते का, हा प्रश्न तुमच्या धाग्यामुळे डोक्यात आला. शिकायला येणाऱ्या मुलींना व्हिसा, एवढं तरी मागायला हरकत नाही.

वसुधा
पहिल्याच दिवशी हे लिहिलं असतंत तर मी एवढं लिहिलंच नसतं.

हेरातकर
वसुधाताई, ती मुलगी आता काय करते? माझ्या मुलीने संख्याशास्त्रातच एमएस्सी केलंय. तिच्या वह्या, पुस्तकं पडून आहेत. पाठवता येतील का?

वसुधा
पुस्तकं नकोत काका, पोचायची नाहीत. ती फोनवर शिकते, आणि शेजारच्या घरातल्या पाच मुलींना दुपारी शिकवते, दार लावून. सप्टेंबरच्या शेवटी दोन दिवस तिथलं सगळं इंटरनेट बंद होतं, तेव्हा मला झोप लागली नव्हती. नेट परत आल्यावर तिचा पहिला निरोप होता, प्रतिगमनाचं प्रकरण अर्धं राहिलंय. वह्यांचे फोटो काढून पाठवा, पण काळेपांढरे. रंगीत फोटोला डेटा जास्त जातो, असं तिने मागेच सांगून ठेवलंय.

हेरातकर
मुलीला सांगतो. प्रतिगमनापासूनच सुरू करायला लावतो. रविवारपर्यंत पहिली वही येईल.

परभणीकर
एसटीचा धागा काढलाय. बघू किती जण येतात.

वसुधा
आले.