घरच्या इंटरनेटला मीटर बरा की महिन्याचं ठरावीक भाडं?

नवी_जोडणी:
घरचं कनेक्शन बदलायचंय आणि दोन प्लॅनमध्ये अडकलोय. एकात महिन्याला ठरावीक रक्कम, मग कितीही वापरा. दुसऱ्यात भाडं जवळपास निम्मं, पण त्यात ठरलेला डेटा मिळणार आणि तो संपला की पुढच्या प्रत्येक जीबीचे वेगळे पैसे. घरात आम्ही पाच जण, दोघांचं काम घरून, मुलगा गेम खेळतो, आईबाबा संध्याकाळी मालिका बघतात. भाऊ म्हणतो वीज मीटरने मिळते तर इंटरनेट का नको, कमी वापरणाऱ्याने जास्त वापरणाऱ्याचं बिल का भरायचं. ऐकताना पटतं, पण महिनाभर आकड्यावर डोळा ठेवून बसायचं म्हटलं की जीवावर येतं. मुळात कंपनीला खर्च कशावर येतो, जीबीवर की स्पीडवर? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा.

तारजोड:
नेटवर्कमध्येच काम करतो म्हणून शेवटचा प्रश्न आधी घेतो, सगळा वाद तिथेच आहे. खर्च जीबीवर येत नाही, म्हणजे जवळजवळ नाहीच. केबल टाकणं, खोदाईची परवानगी, मशीनं, त्यांची वीज, तक्रारी घेणारी माणसं, हे सगळं तुम्ही महिन्याला १० जीबी वापरा नाहीतर १०००, तेवढंच लागतं. वाढीव खर्च येतो तो एकाच वेळी किती जण डेटा ओढतायत यावर. फायबरमध्ये सर्रास वापरतात ती जीपॉन सिस्टिम घ्या, तिथे सेकंदाला साधारण अडीच गिगाबिट नेणारी एक लाइन स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. रात्री नऊला सगळे एकदम व्हिडिओ लावतात तेव्हा ताण येतो आणि कंपनीला क्षमता वाढवावी लागते. पहाटे तीनला तीच लाइन रिकामी पडलेली असते, तेव्हा तुमच्या मुलाने १०० जीबीचा गेम उतरवला तर कंपनीचं काही जात नाही. मीटर मात्र पहाटेच्या जीबीला आणि रात्री नऊच्या जीबीला एकच दर लावतो.

म्हणून विजेचं उदाहरण इथे लागू पडत नाही. युनिट वाचवलं तर इंधन वाचतं. पहाटे न वापरलेली बँडविड्थ, म्हणजे लाइनची क्षमता, रात्रीसाठी साठवता येत नाही.

आणि कंपन्या स्वतः वरच्या मोठ्या नेटवर्ककडून ट्रान्झिट, म्हणजे बाकीच्या इंटरनेटपर्यंत डेटा नेण्याची सोय, विकत घेतात तेव्हा त्या तरी कुठे जीबी मोजतात? दर ५ मिनिटांनी ट्रॅफिकचं रीडिंग घेतात, महिन्याची सगळी रीडिंग मोठ्यापासून लहानाकडे लावतात, वरची ५ टक्के सोडून देतात, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ३६ तास माफ, आणि मग जो सगळ्यात मोठा आकडा उरेल त्यावर बिल. नाइन्टी फिफ्थ पर्सेंटाइल म्हणतात त्याला, ट्रान्झिटमध्ये ही पद्धत सर्रास चालते. घाऊकमध्ये गर्दीचे पैसे द्यायचे आणि घरच्या गिऱ्हाइकाकडून जीबीचे घ्यायचे, हे मला अजिबात न्याय्य वाटत नाही.

संथवाहिनी:
हे पटलं, पण कमी वापरणाऱ्यांची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. माझी आई एकटी राहते. मेल, बँकेचं काम आणि रोज माझ्याशी एक व्हिडिओ कॉल, बस. अनलिमिटेडचे पूर्ण पैसे तिच्याकडून घेणं मला चूकच वाटतं.

शिवाय फ्लॅट रेट, म्हणजे ठरावीक भाडं, आला की सगळं सुरळीत होतं असंही नाही. अमेरिका ऑनलाइन ही फोनच्या लाइनवरून इंटरनेट देणारी अमेरिकन कंपनी, तिचे आधी महिन्याला ९.९५ डॉलरमध्ये ५ तास मिळायचे, पुढे तासाला २.९५ डॉलर. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांनी १९.९५ डॉलरमध्ये अनलिमिटेड केलं. लोक लाइन सोडेनात, मोडेम कमी पडले, नंबर फिरवला की एंगेज टोन, आणि १९९७ च्या सुरुवातीला रिफंड द्यायचं कबूल करावं लागलं. यात सगळ्यात जास्त हाल झाले ते दिवसातून एकदाच मेल बघणाऱ्यांचे, कारण लाइन धरून बसलेल्यांमुळे त्यांचा नंबरच लागेना.

तारजोड:
आईंबद्दलचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण त्यावर उपाय मीटर नाही, कमी स्पीडचा स्वस्त फ्लॅट प्लॅन हा आहे. स्पीड कमी म्हणजे ऐन गर्दीत लाइनवर तुमचा भारही कमी, म्हणजे पैसे खऱ्या खर्चाच्या जवळ जातात, आणि आईंना कॉल मध्येच आवरता घ्यावा लागत नाही. फक्त असा प्लॅन बाजारात ठेवला पाहिजे, तो न ठेवता कमी वापरणाऱ्यांच्या नावाने मीटर पुढे करतात याचा मला राग येतो.

अमेरिका ऑनलाइनने मोडेम पुरेसे वाढवायच्या आधी अनलिमिटेड विकलं, तो दोष नियोजनाचा होता. उलटं उदाहरण २०२० चं. मार्चमध्ये सगळे घरात बसले तेव्हा कॉमकास्ट आणि एटी अँड टी या अमेरिकेतल्या इंटरनेट कंपन्यांनी डेटाची लिमिट काही काळ उठवली. ट्रॅफिक प्रचंड वाढलं तरी नेटवर्क कोसळली नाहीत. लिमिटशिवाय चालतच नाही असं असतं तर नेमक्या त्याच महिन्यात ती उठवता आली असती का?

जीबीमोज:
तत्त्वाचं बाजूला ठेवून हिशेबाचं सांगतो. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांप्रमाणे एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४के ला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. रोज तीन तास ४के लावलं तर एका टीव्हीचेच महिन्याला ६३० जीबी. पण लोकांचा अंदाज चुकतो तो न दिसणाऱ्या वापराने, फोनचं फोटो बॅकअप, गेमचे अपडेट आणि विशेषतः क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा. सेकंदाला २ मेगाबिटने सतत अपलोड करणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो, महिन्याला ६५० च्या आसपास, आणि घरात कोणी काही बघितलेलं नसतं.

मीटरवालाच घेणार असाल तर अपलोड धरतात का हे आधी लेखी विचारा. दुसरं म्हणजे राउटर केबी, एमबी, जीबी अशा प्रत्येक पायरीला १०२४ च्या हिशेबाने मोजत असेल आणि बिल १००० च्या हिशेबाने येत असेल तर इथेच ७ टक्क्यांचा फरक पडतो, त्यात बरेच राउटर रीस्टार्ट झाले की आकडा शून्यावर आणतात. विजेचा मीटर निदान आपल्या भिंतीवर असतो. इथे मोजणारी कंपनी आणि बिल लावणारीही तीच, तुमच्या हातात पडताळायला काही नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

नवी_जोडणी:
मनापासून आभार सगळ्यांचे. दाराशी कॅमेरा आहे आमच्या, तो सतत अपलोड करतो हे लक्षातच आलं नव्हतं. मग १०० मेगाबिटचा फ्लॅट घेऊ का? पाच जणांना पुरेल?

जीबीमोज:
आरामात. ४के ला साधारण १५ ते २५ मेगाबिट लागतात, दोन टीव्ही आणि दोन कॉल एकदम चालले तरी जागा उरते. फक्त कामासाठी अपलोड किती मिळतं ते बघा, काही प्लॅनमध्ये डाउनलोडच्या मानाने ते फारच कमी असतं. आणि अटी नीट वाचा, अमुक जीबीनंतर स्पीड उतरवणार असं लिहिलं असेल तर उतरून किती होणार तो आकडा शोधा. १ मेगाबिटवर आणत असतील तर अनलिमिटेड नावालाच, तो प्लॅन नका घेऊ.

संथवाहिनी:
आणि वर्षभराचे पैसे एकदम भरू नका. पहिला महिना घेऊन रात्री नऊ ते अकरा स्पीड तपासा, दुपारी तपासून काही कळत नाही.